पक्ष बदलला, मग नगरसेवकपद कोणाचं?

प्रश्न सिंधुदुर्गातल्या एका नगरपंचायतीचा आहे. सतरा जागा. एका पक्षाच्या चिन्हावर पाच जण निवडून आले. त्यातल्या दोघांनी काही महिन्यांतच दुसऱ्या पक्षाचं उपरणं गळ्यात घातलं आणि उपनगराध्यक्षाच्या निवडीत तिकडे हात वर केला. मतदार विचारतात, 'मत आम्ही चिन्हाक दिला की माणसाक, ह्या आता कोणी ठरवूचा? असा चलता काय? आणि चलूक देवचा काय?'

चालतं का, याचं उत्तर आधी देतो. पक्ष केव्हाही बदलता येतो, पण पक्षाच्या चिन्हावर मिळालेली जागा खिशात ठेवून नाही. महाराष्ट्रात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समिती सदस्य यांच्यासाठी 'महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६' हा स्वतंत्र कायदा आहे. आमदार-खासदारांना लागू होणारी घटनेची दहावी अनुसूची १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. हा कायदा तिच्याच धर्तीवरचा आहे. ग्रामपंचायतीत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणून तिथे तो लागू नाही. सरपंच कोणाच्या व्यासपीठावर बसला यावरून त्याचं पद जात नाही.

अपात्रतेच्या मुख्य वाटा दोन. सदस्याने आपणहून पक्षाचं सदस्यत्व सोडणं ही पहिली. पक्षाने दिलेल्या आदेशाविरुद्ध मत देणं किंवा मतदान टाळणं, आणि पक्षाने ते पंधरा दिवसांत माफ न करणं, ही दुसरी. तुमच्या या दोन नगरसेवकांवर दोन्ही वाटांनी प्रकरण उभं राहू शकतं. मात्र पद आपोआप जात नाही. कोणीतरी याचिका करावी लागते, आणि अशा याचिका कायद्यापेक्षा कागदावर जास्त हरतात. कागदाकडे पुढे सविस्तर येतो. त्याआधी कायद्यातलं भगदाड पाहू, कारण हे दोघे उद्या त्याच भगदाडातून निसटू शकतात.

कायद्याने विलीनीकरणाला सूट दिलेली आहे. सभागृहातल्या गटाच्या किमान दोन-तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला संमती दिली, तर कोणीच अपात्र होत नाही. पाचाचे दोन-तृतीयांश म्हणजे तीन पूर्णांक काही, अपूर्णांक वर धरायचा, म्हणजे चार. दोघे गेले तर अपात्रतेच्या दारात उभे, चौघे गेले तर सुरक्षित. तीन जणांच्या गटात दोघे पुरतात, सहाच्या गटात चौघे. नगरपंचायतीतले गट असेच तीन, चार, पाच जणांचे असतात. त्यामुळे फूट पाडायला निघालेला माणूस दोघांना उचलून थांबत नाही, आणखी दोघांच्या दारातही जातो.

हा आकडा किती नेमका गाठला जातो ते शेजारच्या गोव्यात दोनदा दिसलं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. पंधराचे दोन-तृतीयांश बरोबर दहा. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले. अकराला किमान आठ लागतात. दोन्ही वेळा गरजेपेक्षा एकही जास्त नाही. २०१९ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आमदारांच्या बाजूने निकाल दिला. दोन-तृतीयांश आमदारांची संमती असेल तर मूळ पक्षाचं विलीनीकरण झालं असं कायदाच मानतो, हा त्याचा गाभा. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रॉसपाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. आपल्याकडेही ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून शब्द घेतात. त्या शब्दाचं वजन गावात मोठं आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या सुनावणीत तो पुरावा होत नाही. शपथ मोडणं म्हणजे सदस्यत्व सोडणं नव्हे.

विलीनीकरणाची ही सूट स्थानिक संस्थांत तर अजिबात समर्थनीय नाही, असं माझं ठाम मत आहे. राज्यभर शाखा असलेला पक्ष, त्याची घटना, त्याचे लाखो मतदार हे सगळं एका नगरपंचायतीतल्या चौघांच्या सहीने दुसऱ्या पक्षात विलीन झालं, असं मानायचं? एकट्याने केलं तर अपराध आणि चौघांनी मिळून केलं तर हक्क, हा हिशेब मतदाराला कोणत्याही भाषेत पटवता येत नाही. आमदार-खासदारांसाठी पूर्वी एक-तृतीयांश फुटीचीही सवलत होती. ती २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. दोन-तृतीयांशाची तेवढी शिल्लक राहिली, आणि पक्षांतराचा घाऊक बाजार आता तिच्यावरच चालतो.

आता दुसरा भाग. चालू द्यावं का? पक्ष बदलायला बंदी घालू नये. माणसाचं मत बदलतं, पक्ष स्वतःची भूमिका बदलतो, कधी पक्षच दोन तुकड्यांत फुटतो आणि खरा कोण हे ठरायला वर्षं जातात. अशा वेळी सदस्याला बांधून ठेवणं अन्यायाचं आहे. पण बाहेर पडताना जागा मतदाराकडे परत द्यावी आणि पुन्हा कौल घ्यावा. कोकणात याचं ठळक उदाहरण आहे. २००५ मध्ये नारायण राणे शिवसेनेतून बाहेर पडले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसच्या चिन्हावर लढवून जिंकले. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचं काहीही मत असो, 'मत चिन्हाला की माणसाला' या प्रश्नाचं उत्तर तिथे मतदारांनी स्वतः दिलं. पक्षांतराला लोकमान्यता मिळवण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

पोटनिवडणुकीच्या खर्चाचा आक्षेप विधानसभेला थोडाफार लागू पडेल, नगरपंचायतीला नाही. तिथे प्रभाग एका सदस्याचा असतो आणि मतदान केंद्रं एक-दोन. तेवढा खर्च मतदाराच्या विश्वासापेक्षा जड नाही.

पक्ष बदलणारे नगरसेवक मात्र दुसरंच कारण सांगतात, आणि ते खोटं असतं असं नाही. 'विरोधात राहून वाडीत नळ येत नाही.' जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो, समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, आणि कोणत्या रस्त्याला, कोणत्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला आधी पैसे मिळणार हे तिथल्या वाऱ्यावर ठरतं. किनाऱ्यावरच्या प्रभागात उधाणाला पाणी घरात शिरत असेल, तर नगरसेवकाची कुचंबणा समजू शकते. पण त्याचं औषध पक्षांतरात शोधलं की रोग वाढतो. निधी रोखून माणसं वळवता येतात हे एकदा सिद्ध झालं, की पुढच्या वेळी निधी आणखी आवळला जातो. घटनेच्या २४३ य घ अनुच्छेदानुसार नियोजन समितीतले किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे आहेत. ती जागा भरणं, बैठकीत निधीवाटपाचा तक्ता मागणं, वगळलेल्या कामाचं कारण इतिवृत्तात नोंदवायला लावणं, हे नगरसेवकाच्या हातात आहे. २०२२ पासून जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि नगरपालिकांच्या निवडणुकाही लांबत गेल्या. त्या काळात समितीची ही बाजू लुळी पडली, आणि 'तिकडे गेल्याशिवाय काम होत नाही' हे वाक्य सवयीचं झालं.

उलट बाजूही आहे, आणि कोकणाला ती चांगली ठाऊक आहे. राजापूर तालुक्यात नाणारच्या रिफायनरीवरून गावं एका बाजूला आणि पक्षांची भूमिका कधी इकडे कधी तिकडे, असं वर्षानुवर्षं चाललं. मार्च २०१९ मध्ये तो प्रकल्प तिथून रद्द झाला आणि मग बारसू-सोलगावचा विषय निघाला. अशा प्रश्नात सदस्याने गावाच्या बाजूने पक्षाविरुद्ध बोलायचं ठरवलं, तर ते पक्षांतर नव्हे. पक्षावर टीका करणं, मोर्चात चालणं, नेत्याला जाब विचारणं म्हणजे सदस्यत्व सोडणं असा अर्थ लावू नये. पक्षादेशाची मर्यादाही आवळायला हवी. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांबाबत सांगितलं, की अपात्रतेची टांगती तलवार असलेला आदेश विश्वासदर्शक मतदान किंवा पक्षाच्या मूळ धोरणाचा प्रश्न एवढ्यापुरताच असावा. नगरपंचायतीत मी तो उपनगराध्यक्षाची निवड आणि अर्थसंकल्प यांपुरताच ठेवीन. कचरा डेपो कुठे करायचा, मच्छीमार्केटचे गाळे कसे वाटायचे यावर नगरसेवकाने आपल्या प्रभागाचं ऐकावं.

आता कागद.

पहिला कागद निवडणुकीच्या वेळीच तयार झालेला असतो. पक्षाच्या उमेदवाराला 'एबी फॉर्म' मिळतो. सही कोणाची चालेल हे ए फॉर्म सांगतो, उमेदवार कोण हे बी फॉर्म सांगतो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडून त्याची प्रमाणित प्रत निकालानंतर लगेच घेऊन ठेवा. पुढे 'मी त्या पक्षाचा नव्हतोच' असा बचाव आला तर हेच पान बोलतं.

दुसरा कागद गटनोंदणीचा. निकालानंतर गटाची यादी, गटनेत्याचं नाव आणि पक्षाच्या घटनेची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी लागते. इथली नेहमीची चूक म्हणजे पाच नगरसेवक एकत्र बसून एकाला गटनेता ठरवतात आणि पक्षाचं पत्रच जोडत नाहीत. मे २०२३ च्या सुभाष देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा विधानसभेच्या बाबतीत स्पष्ट केला. प्रतोद, म्हणजे पक्षादेश बजावणारा सदस्य, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, आमदारांच्या गटाचा नव्हे, आणि म्हणून महाडचे आमदार भरत गोगावले यांच्या प्रतोदपदाला विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरली. नगरपंचायतीतही साखळी तशीच दाखवता आली पाहिजे: प्रदेशाध्यक्षांचं पत्र जिल्हाध्यक्षांना, जिल्हाध्यक्षांचं गटनेत्याला, प्रत्येकावर जावक क्रमांक आणि तारीख. मधली एक कडी नसली तर आदेश पक्षाचा राहत नाही, गटनेत्याचा खासगी होतो.

ही बारकाई उगाच नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा नगरपरिषदेच्या प्रकरणात, सदाशिव पाटील विरुद्ध विठ्ठल टेके (२०००), नगरसेवकांची अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. निवडून आलेल्या माणसाला घरी पाठवणं म्हणजे त्याच्याबरोबर त्याच्या प्रभागाचंही प्रतिनिधित्व काढून घेणं. तेव्हा हा कायदा काटेकोरपणे वाचायचा आणि आदेश अधिकार असलेल्यानेच दिला हे सिद्ध व्हायला हवं, असं न्यायालयाने सांगितलं. नगरसेवकाचा वकील हा निकाल बरोबर घेऊनच येतो.

तिसरा कागद पक्षादेश. एका पानात मावतो. सभेची तारीख, वेळ, ठिकाण आणि विषय नोटिशीत आहेत तसेच उतरवा. ज्याला मत द्यायचं त्याचं पूर्ण नाव लिहा. 'गैरहजर राहू नये, तटस्थ राहू नये' ही वाक्यं सुटी आणि स्पष्ट हवीत, आणि मोडल्यास अपात्रतेची कारवाई होईल हेही लिहिलेलं हवं. 'पक्षाच्या भूमिकेसोबत राहावे' असा मोघम आदेश टिकत नाही, कारण भूमिका काय हे त्यात कुठेच नसतं. सहीखाली हुद्दा आणि अधिकारपत्राचा क्रमांक टाका.

मग तो पोचवणं. इथेच निम्मी प्रकरणं बुडतात. मतदानाच्या आधी सदस्य 'सहलीला' गेलेले असतात, फोन बंद, घराला कुलूप. अशा वेळी एका मार्गावर विसंबू नका. घरी दोन पंच घेऊन जा, कुलूप असेल तर आदेश दारावर डकवा, तारीख-वेळ दिसेल असा फोटो घ्या आणि तिथेच पंचनामा लिहून पंचांच्या सह्या घ्या. पावसाळ्यात ओसरीवर डकवलेला कागद संध्याकाळपर्यंत टिकत नाही, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून लावा. त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन केलं आहे, म्हणून पावतीवर नोंदणी आणि पोचपावती दोन्ही लागल्या का ते खिडकीवरच तपासा. व्हॉट्सॲपवरही पाठवा. स्थानिक दैनिकात जाहीर सूचना द्या. आणि सभेच्या दिवशी, मतदान सुरू होण्याआधी, पीठासीन अधिकाऱ्यांसमोर आदेश हातात द्या. नाकारला तर 'नाकारला' अशी नोंद इतिवृत्तात करायला सांगा. हा शेवटचा टप्पा सगळ्यात भक्कम असतो, कारण तो सरकारी कागदावर राहतो.

मतदान झालं की लगेच धावू नका. पक्षाला माफी देण्यासाठी पंधरा दिवस आहेत. ते संपण्याआधी केलेली याचिका मुदतपूर्व ठरते. सोळाव्या दिवशी 'माफी दिलेली नाही' असं पक्षाचं पत्र जोडून ती दाखल करा. इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मात्र पहिल्या दिवशीच मागून ठेवा.

आदेशच दिला नसेल तर पहिली वाट उरते, आपणहून सदस्यत्व सोडल्याची. यासाठी राजीनाम्याचा कागद लागत नाही, वागण्यावरूनही निष्कर्ष काढता येतो. हा दंडक १९९४ च्या रवी नाईक निकालाने घालून दिला, आणि ते प्रकरणही गोव्याचंच. विरोधी पक्षाच्या नेत्याबरोबर राज्यपालांकडे पाठिंबा दाखवायला गेलेल्या दोन आमदारांची अपात्रता तिथे कायम राहिली. नगरपंचायतीत पुराव्याची उतरंड अशी लागते. सगळ्यात वर, नगरसेवकाने स्वतःच्या सहीने दिलेलं 'मला अमुक गटात धरावे' असं पत्र. त्याखाली नव्या पक्षाचं नियुक्तीपत्र. मग प्रवेशाच्या कार्यक्रमातलं त्याचं स्वतःचं भाषण. नुसता उपरण्याचा फोटो सगळ्यात खाली, कारण 'सत्काराला बोलावलं होतं, त्यांनी गळ्यात घातलं' हे उत्तर तयारच असतं. वर्तमानपत्राचं कात्रण एकटं चालत नाही. बातमीदाराने काय पाहिलं हे कोणीतरी शपथेवर सांगायला हवं. मोबाइलवरचं चित्रीकरण दाखवायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, भाग अ आणि भाग ब दोन्ही, फाइलच्या हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लागतं. भाग अ वर चित्रीकरण ज्याच्या फोनमध्ये आहे त्याचीच सही घ्या. इकडून तिकडे फिरत आलेली क्लिप कोणाची, हे सांगणारा कोणी सापडत नाही.

अपक्षांबद्दल थोडक्यात. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर पक्षात शिरला तर तोही अपात्र होतो. बाहेरून पाठिंबा देणं म्हणजे शिरणं नव्हे. मात्र पक्षाच्या गटाच्या यादीत त्याची सही असली की बचाव अवघड होतो.

नगरपंचायत, नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेच्या याचिका जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतात. महानगरपालिकेच्या याचिका विभागीय आयुक्तांपुढे, म्हणजे पनवेल-ठाण्याच्या असतील तर बेलापूरच्या कोकण भवनात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात महानगरपालिका नाहीत, त्यामुळे तुमची याचिका ओरोसलाच, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयात. ती त्याच सभागृहातल्या सदस्याने, शक्यतो गटनेत्याने करावी. मतदाराने केली तर ती चालवण्याजोगी आहे का यावरच महिने जातात. प्रत्येक पानावर सही, दिवाणी दाव्यासारखं सत्यापन, जोडपत्रांवरही सही.

निर्णय लांबणं हा सगळ्यात मोठा धोका. मुदत पाच वर्षांची, आणि चौथ्या वर्षी आलेला निकाल कोणाच्या कामाचा नाही. आमदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या मणिपूर निकालात साधारण तीन महिन्यांची अपेक्षा घालून दिली आहे. जिल्हाधिकाऱ्यांपुढे तारखांवर तारखा पडू लागल्या, तर त्या निकालाचा आधार घेऊन उच्च न्यायालयाकडून कालमर्यादा बांधून घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

आणि तुम्ही मतदार म्हणून काय करायचं? गटनेता गप्प बसला, तर त्या दोघांना पंधरा दिवसांत माफी दिली गेली आहे का, हे आधी काढा. पुष्कळदा पक्षानेच मागच्या दाराने तडजोड केलेली असते आणि प्रभागाला त्याचा पत्ता नसतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या आणि चार गोष्टी मागा: गटनोंदणीची यादी आणि तिच्यात नंतर झालेले बदल, त्या दोघांच्या सहीची सगळी पत्रं, गटनेत्याचं अधिकारपत्र, आणि अपात्रतेची याचिका दाखल आहे का. नगरपंचायतीत वेगळा अर्ज देऊन उपनगराध्यक्ष निवडीच्या सभेचं इतिवृत्त मागा. उत्तराला तीस दिवस लागतात. उरलेल्या तिघांशी मात्र आजच बोला. त्यांतल्या दोघांनीही सही केली तर पाचातले चार होतात, आणि मग वरचा एकही कागद उपयोगी पडणार नाही.